निकितासचं पान

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये सुवर्णा गजभियेच्या हातच्या पाटवडीच्या रश्श्याचं नाव होतं. मराठी मंडळाच्या पिकनिकला तिचं पातेलं सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. नवीन नवीन आली होती तेव्हा काही बायका आधी गाव विचारायच्या, मग आडनाव, आणि आडनाव कळलं की हवापाण्याच्या गप्पांवर यायच्या. त्याच बायका पुढे वाटी घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. सुवर्णाने कधी कुणाला काही बोलून दाखवलं नाही. वाढताना हात सढळ ठेवला, इतकंच. या गावात आपल्याला जागा मिळाली ती या पातेल्याने, असं ती मनाशी धरून चालली होती.

म्हणूनच साथीच्या वर्षी ताप येऊन गेला, तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा तिने ते डॉक्टरखेरीज कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला, विनयलाही नाही. औषधाच्या कंपनीच्या लॅबमध्ये ती गोळ्या पाण्यात कशा विरघळतात ते तपासायची. तिथली सवय तिने घरी आणली. मीठ काट्यावर, तिखट काट्यावर, मसाला रंगावर, फोडणी आवाजावर. लोक म्हणायचे, तुझ्या हाताची चव कशी ती बदलत नाही. ती हसायची. तोंडात घास घातला की कापूस चघळल्यासारखं वाटायचं.

दर वर्षी ती, पद्मजा आणि रीमा मिळून खाण्यासाठी म्हणून कुठेतरी जात. पद्मजा पुण्याची, दातांची डॉक्टर, सुवर्णाच्याच वयाची आणि बोलण्याला खंड नसलेली. रीमा त्यांच्या ओळखीतल्या काकूंची मुलगी, इथेच जन्मलेली, जवळच्या रॅली शहरात वाइनचं दुकान चालवणारी. तिला मराठी समजायचं सगळं, बोलायची अर्धं. चव गेल्याला चार वर्षं झाली त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी रीमाने फ्लोरिडातलं टार्पन स्प्रिंग्ज काढलं.

"मावशी, इट्स अ ग्रीक टाउन. लिटरली. समुद्रातून स्पंज काढणारे लोक तिकडून आले आणि राहिले. एक बाई आहे, आपल्या घरात ठेवून घेते आणि स्वयंपाक शिकवते. वाइन मी बघते."

नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला मन नव्हतं. सुवर्णा गेली.

ती बाई म्हणजे इरीनी. पंच्याहत्तरीच्या आसपासची, ठेंगणी, मनगटं मात्र पैलवानासारखी. तिघी तिला आपल्या सवयीने इरीनीबाई म्हणू लागल्या आणि तिला ते आवडलं. नदीच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर तिचं निळ्या खिडक्यांचं घर होतं. धक्क्यावर स्पंजांच्या माळा टांगलेल्या, पाणबुड्यांच्या जुन्या शिरस्त्राणांशेजारी उभं राहून लोक फोटो काढत होते. ऊन असं की डोळे उघडे ठेवता येऊ नयेत.

पहिल्या दुपारी जेवण होतं लिंबू-अंड्याचं सूप, निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. सुवर्णा हात धुऊन येईपर्यंत पद्मजा आणि रीमा बसल्या होत्या. दोघींच्या शेजारच्या खुर्च्यांवर पर्सा, वाइनच्या बाटल्या आणि पद्मजाने धक्क्यावरून आणलेले स्पंज. खिडकीकडची टोकाची खुर्ची मोकळी होती. समोर ताट, ग्लास, घडी केलेला रुमाल, सगळं मांडलेलं. आपलंच पान समजून सुवर्णा बसली.

इरीनीबाई सूपचं भांडं घेऊन आली आणि दारात थबकली. सुवर्णा अर्धवट उठली.

"इथे कुणी बसणार आहे का?"

इरीनीबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर नदीच्या दिशेने. "बसा," ती म्हणाली. "तो अजून आलेला नाही."

नवरा कामावर असेल, असं तिघींना वाटलं.

सुवर्णाने सूपचा चमचा तोंडात घातला आणि तिच्या हातून चमचा सुटता सुटता राहिला. चव लागली. चार वर्षांनी पहिल्यांदा जिभेवर काहीतरी होतं, गोड, मऊ, शिजलेलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने रुमालाने टिपलं. दुसरा चमचा घेतला. तिसरा. मग तिच्या लक्षात आलं की सूप आंबट असायला हवं.

"यात गहू आहे का गं?" तिने पद्मजाला विचारलं.

"कसला गहू? लिंबू आहे नुसतं. माझे दात आंबले बघ."

सुवर्णाने ऑक्टोपसचा तुकडा घेतला. दाताखाली तो चिवट लागला, पण चव तीच होती, शिजलेल्या गव्हाची आणि साखरेची. पानातला भात तोच. रीमाने राळेचा वास असलेली पांढरी वाइन ओतली. सुवर्णाने घोट घेतला आणि घशाखाली तेच गेलं. चव ताजी नव्हती. दूर कुठेतरी ठेवलेलं, गार झालेलं, जुनं झालेलं काहीतरी. दुसऱ्याच्या तोंडातली चव आपल्या तोंडात यावी तसं.

आणि भूक. ती खात होती आणि पोटात पडत नव्हतं. तिने ताट दोनदा भरून घेतलं, पाव ओढून घेतला, पद्मजाच्या पुढ्यातली बशी संपवली.

"मावशी, आर यू ओके?" रीमा म्हणाली. मग तिने सुवर्णाचा हात धरला. "तुझी बोटं बघ."

बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. हात बर्फासारखे गार होते. खिडकीतून ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं.

"आत्ताच धुतले," सुवर्णा म्हणाली. टेबलावरून उठली तशी चव गेली. बोटं हळूहळू पूर्ववत झाली.

सुवर्णा विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिचे वडील, राजाराम रामटेके, नागपूरला इंदोऱ्यात शाळामास्तर होते. छप्पन सालच्या दीक्षेला ते कोवळ्या वयात आपल्या वडिलांचं बोट धरून गेले होते. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, या प्रतिज्ञा घरात पाढ्यांसारख्या पाठ होत्या. मेलेलं माणूस जेवायला येत नाही, म्हणून जे द्यायचं ते जिवंत माणसाच्या ताटात द्यायचं, असं ते सांगायचे. ते गेले तेव्हा सुवर्णाने वंदना घेतली आणि शाळेतल्या मुलांना जेवण दिलं. कावळ्याची वाट पाहिली नाही. तेव्हा आता जे होत होतं त्याला तिने लॅबमधली रीत लावली. संध्याकाळी सगळ्या धक्क्यावर गेल्या असताना ती डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. पावाचा तुकडा घेऊन आधी पद्मजाच्या खुर्चीत बसली. कापूस. रीमाच्या खुर्चीत बसली. कापूस. खिडकीकडच्या खुर्चीत बसली आणि पहिल्याच घासाला गहू, साखर, आणि आता थोडी दालचिनीही. ती उठली, पुन्हा बसली. चूक होत नव्हती.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगायचं तर तिला आनंदच जास्त झाला. ती कितीतरी वेळ तिथे बसून कोरडा पाव खात राहिली, बोटं गारठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी टेबलाशी जाऊन त्याच खुर्चीत बसली. पद्मजा हसली, "हिला काय खिडकी आवडली." वाढताना इरीनीबाईची नजर सुवर्णाच्या तोंडाकडे होती. जेवण झाल्यावर तिने दुसरं ताट घेऊन तेच पान पुन्हा मांडलं, ग्लास उजवीकडे, रुमालाची घडी तशीच. रीमाने वाइनचा विषय काढता काढता सहज विचारलं, तुमचे मिस्टर कधी येतात?

"निकितास स्पंज काढायला गेलाय," इरीनीबाई म्हणाली.

"आज येतील?"

"बोट सापडली. तो नव्हता बोटीत." ती टेबल पुसत होती. "लोक म्हणाले, बुडाला. कुणी पाहिलं? मी सासूला सांगितलं, मला दाखवा मग मी काळे कपडे घालीन. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. आता तिची मुलगी कॉलेजात आहे."

तिने अंगातल्या पिवळ्या फुलाफुलांच्या ब्लाउजवरून हात फिरवला आणि भांडी उचलून आत गेली. रीमाने ग्लासातली वाइन संपवली नाही. खोलीत गेल्यावर पद्मजा कुजबुजली, "सुवर्णा, उद्यापासून त्या खुर्चीत बसू नकोस. मला आवडत नाही. तिथे बसलीस की तू वेगळीच दिसतेस."

"कशी?"

पद्मजाने थोडा विचार केला. "वाट बघून बघून दमलेल्या माणसासारखी खातेस."

सुवर्णाने मान डोलावली. बसायचं नाही असं तिने ठरवलंही. पण शनिवारी सकाळी नाश्त्याला कॉफी, मध घातलेलं दही आणि गरम पाव टेबलावर आला, आणि समोरच्या खुर्चीत बसून तिने दह्याचा चमचा तोंडात घातला तो नुसता गार चिकटपणा. सहन झालं नाही तिला. ती उठली, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेली आणि बसली. पद्मजाने मान फिरवली.

या वेळी चव जुनी नव्हती. आत्ता, या क्षणी चुलीवरून उतरवलेली होती. गहू ऊन ऊन, वर पिठीसाखर, भाजलेले तीळ, दालचिनी, बदाम दाताखाली फुटताहेत असे, आणि मध्येच डाळिंबाचा दाणा, थंड, आंबटगोड. तिने डोळे मिटले. नकळत ती मराठीतच म्हणाली, "डाळिंब."

"काय म्हणालात?" इरीनीबाई शेगडीपाशी होती.

सुवर्णाने डोळे उघडले. लपवण्याचा तिला एकाएकी कंटाळा आला. "मला या खुर्चीत बसलं की चव लागते," तिने इंग्रजीत सांगितलं. "तुम्ही वाढता त्याची नाही. दुसरीच. शिजवलेले गहू, साखर, दालचिनी, बदाम. आज त्यात डाळिंब आहे. आज ते ताजं आहे."

इरीनीबाईने हातातलं कॉफीचं लांब दांड्याचं भांडं खाली ठेवलं. ते ठेवताना आवाज झाला नाही, इतकं सावकाश.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"कोलिवा." तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "आम्ही मेलेल्यांसाठी करतो. आज मृतांचा शनिवार आहे, चर्चमध्ये सगळ्यांच्या परड्या असतात, मेलेल्यांची नावं वाचतात. या घरात ते कधी झालेलं नाही. एकदाही नाही. मी होऊ दिलेलं नाही."

मग तिने भिंतीवरचा फोन उचलला आणि ग्रीकमध्ये दोन-तीन शब्द बोलली. थोड्याच वेळात मागच्या दाराने एक म्हातारी आली, तिच्याहून मोठी, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत. ती कातीना, निकितासची बहीण, शेजारच्याच गल्लीत राहणारी. दोघी रोज सकाळी कॉफी एकत्र घ्यायच्या, हे पहिल्याच दिवशी तिघींना कळलं होतं. कातीनाच्या काळ्या बाहीवर पिठीसाखर सांडलेली होती. इरीनीबाई त्या बाहीकडे बघत राहिली.

"किती वर्षं?" तिने विचारलं. पाहुण्यांसमोर का कोण जाणे, पण ती इंग्रजीतच बोलली.

कातीनाने टेबलाकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या अनोळखी बाईकडे पाहिलं आणि तिला बहुधा सगळं समजलं. "पहिल्या वर्षापासून," ती म्हणाली.

"त्याचं नाव वाचायला लावतेस? मेलेल्यांत?"

"हो."

"तू त्याला मेलेल्यांत घातलंस. मी इथे रोज त्याचं पान मांडत होते आणि तू तिथे त्याला पुरत होतीस."

"तुझ्या पानावर तो येऊ शकत नव्हता, इरीनी," कातीना म्हणाली. "मी त्याला उपाशी ठेवलं नाही, एवढंच."

पद्मजाने रीमाचा हात धरला होता. मग इरीनीबाई सुवर्णाकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. "ते त्याला पोचतं?"

सुवर्णाला वडील आठवले. हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणंही सोपं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला चव लागते. आणि भूक लागते, फार. हात गार पडतात. याच्यापुढचं मला माहीत नाही."

तिने टेबलावर हात पसरून दाखवले. पांढरे, सुरकुतलेले. इरीनीबाईने त्यातला एक हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक करून उघडली, पाणबुड्याच्या बायकोने नवऱ्याची बोटं कितीदा तरी तशी उघडून उबवली असणार. बऱ्याच वेळाने तिने हात सोडला आणि कातीनाला म्हणाली, "घेऊन ये."

कातीना चर्चला न्यायला केलेला कोलिवा वाडग्यात घेऊन आली. सुवर्णाला बघताच ओळख पटली. पांढऱ्या साखरेवर बदाम, डाळिंबाचे लाल दाणे. इरीनीबाईने चमचा सुवर्णापुढे धरला.

"खा. तो तुझ्या तोंडाने खातो. पोटभर खाऊ दे."

सुवर्णाच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं. हात चमच्याकडे गेला होता आणि तो आपण नेला की कुणी, हे तिला कळेना. तेव्हा ती घाबरली, आतून, पहिल्यांदा. तिने दोन्ही हात मांडीवर ओढले आणि उठून उभी राहिली.

"मी नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी हे वर्ज्य केलंय, माझ्यासाठीसुद्धा. आणि तो माझा कुणी नाही. तुम्ही बसा."

"मी त्या खुर्चीत कधी बसलेले नाही."

"मग आता बसा."

इरीनीबाई बसली. वाडगा पुढे ओढला, एक चमचा भरून तोंडात घातला आणि चावत राहिली. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग तोंड वेडंवाकडं झालं.

"खारट," ती म्हणाली. "कातीना, हे खारट आहे. नुसतं समुद्राचं पाणी."

कातीनाने वाडग्यातले चार दाणे उचलून तोंडात टाकले. तिने नुसती मान हलवली. तिला ते गोडच लागलं होतं.

इरीनीबाईने दुसरा चमचा घेतला. तिला उमासा आला तो तिने गिळला. मग तिसरा. ओठांच्या कडेने पाणी गळत होतं, डोळ्यांतून नव्हे, तोंडातून, आणि ती हनुवटी पुसत खात होती. रीमा उठून तिला थांबवायला निघाली तर कातीनाने आडवा हात केला. वाडगा तळाशी लागेपर्यंत इरीनीबाई खात राहिली. शेवटचा चमचा ठेवला तेव्हा तिने एक लांब श्वास घेतला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा, आणि मग ती रडली. कातीना खाली वाकून तिला धरून उभी राहिली.

तिघी बाहेर अंगणात आल्या. आत दोघी म्हाताऱ्या कितीतरी वेळ ग्रीकमध्ये बोलत होत्या.

दुपारी ठरल्याप्रमाणे शिकवणी झाली. इरीनीबाईनेच बोलावलं. तिने पिठाच्या पातळ पापुद्र्यांत पालक आणि चीज कसं भरायचं ते दाखवलं, पद्मजाच्या घड्या उसवून पुन्हा घालायला लावल्या. खिडकीपाशी मांडलेलं ताट आणि ग्लास धुऊन कपाटात गेले होते. निरोप घ्यायच्या सकाळी सुवर्णा कुणी नसताना त्या खुर्चीत बसली आणि बिस्किटाचा तुकडा तोंडात घातला. काही नाही. कापूस. हात ऊबदार. त्या घरात दोन बायकांनी आपलं माणूस घालवलं होतं आणि तिचं रडू मात्र जिभेवरून गेलेल्या चवीसाठी होतं. याची तिला लाज वाटली, तरी ती रडली.

विमानाला वेळ होता म्हणून त्या धक्क्यावर जेवायला बसल्या. रीमाने सांतोरिनीची वाइन मागवली, कुरकुरीत, लिंबासारखी, असं ती सांगत होती. सुवर्णाने ग्लास खाली ठेवला आणि सांगून टाकलं. चार वर्षं, ताप, काटा, सगळं.

पद्मजाने हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे दिवाळीचा चिवडा?"

"वजनावर."

"आणि माझ्या बिर्याणीला छान म्हणालीस ते?"

"रंग छान होता."

पद्मजा हसायला लागली आणि हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले. "बिर्याणी खारट झाली होती गं. सगळ्यांनी टाकली. तू एकटीने दुसऱ्यांदा घेतलीस म्हणून मी तुझ्यावर जीव टाकते." रीमाने तेवढ्यात सुवर्णाच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवला, मग गरम पावाचा तुकडा, मग तळलेल्या माशाचं कुरकुरीत टोक. "ओके, मावशी. टेस्ट नाही, तर टेक्स्चर. नेक्स्ट ट्रिप मी तशी प्लॅन करते." त्या चार वर्षांत पहिल्यांदाच सुवर्णाने जेवताना काही नाटक केलं नाही.

घरी आल्यावर विनयला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एकदा तू चहात मीठ घातलं होतंस. मला वाटलं, माझ्यावर रागावलीस. मी प्यालो." आता मीठ तो बघतो आणि ते कधी कमी होतं, कधी जास्त. मंडळाच्या लोकांनाही कळलं. पातेलं अजूनही सगळ्यांत आधी रिकामं होत असतं.

इरीनीबाईने पाहुणे घेणं चालू ठेवलंय. ख्रिसमसला तिने फोटो पाठवला, अंगावर काळे कपडे, शेजारी कातीना, दोघी हसताहेत. सुवर्णाने तो कितीदा तरी मोठा करून पाहिला, पण टेबल त्यात दिसत नव्हतं.

कुठे बाहेर जेवायला गेलं की सुवर्णा हल्ली आधी सगळ्यांना बसू देते. उरलेल्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवून उभी राहते, मग बसते. पद्मजा तेवढा वेळ मेन्यू वाचत असते.